पहिलं घर घेण्याआधी घरखर्चाचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक पंचविशी-तिशीतल्या, भाड्याने राहणाऱ्या, घरात एखादं लहान मूल असलेल्या जोडप्यांचे आहेत. आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. पिंपरी-चिंचवडमधलं कुटुंब, दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८५,००० (एकाचा ५५,०००, दुसऱ्याचा ३०,०००), भाडं १७,०००, मुलगी तीन वर्षांची, आणि डोळ्यासमोर ४८ लाखांचा जुना फ्लॅट. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली आहे.

१. आम्ही दोघंही कमावतो, उधळपट्टी करत नाही, तरी वीस तारखेला खातं रिकामं होतं. पैसे जातात कुठे?

खर्चाची वही उद्यापासून लिहायला घेऊ नका. ती तीन आठवडे चालते आणि त्या तीन आठवड्यांत सगळेच शहाण्यासारखे वागतात. त्याऐवजी दोघांच्या खात्यांची आणि क्रेडिट कार्डाची गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करा: दर महिन्याला येणारा खर्च, वर्षातून एक-दोनदा येणारा खर्च, आणि मनात आलं म्हणून केलेला खर्च. एक रविवार जातो.

दोन गोष्टी हमखास दिसतात. पहिली, तिनशे रुपयांच्या आतले यूपीआय व्यवहार. एकेकटे पाहिले तर चहा, वडापाव, रिक्षा, कोथिंबीर. महिन्याची बेरीज केली की किराण्याच्या बिलाशी बरोबरी करतात. दुसरी, जास्त महागात पडणारी: वर्षातून एकदा येणारे खर्च आपण ‘अचानक आले’ म्हणतो. दिवाळी अचानक येत नाही. त्यासाठी प्रश्न २.

२. विमा, शाळेची फी, सणवार असे खर्च महिन्याच्या बजेटमध्ये कसे बसवायचे?

वर्षाची बेरीज करा, बाराने भागा, आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात वळती करा. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाची यादी अशी:

- टर्म आणि आरोग्य विम्याचे हप्ते: ३२,०००
- दिवाळी (फराळ, कपडे, मावशींचा बोनस): १५,०००
- जूनमधली बालवाडीची प्रवेश फी, दप्तर, गणवेश: १४,०००
- गणपतीला गावी जाणं-येणं: १०,०००
- गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग: ९,०००
- लग्नकार्य, आहेर: ८,०००
- भाडेकराराचं नूतनीकरण: ४,०००
- वाढदिवस: ४,०००

एकूण ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००. या खात्याचं यूपीआय चालू करू नका, डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नका. यादीत भाडेकरार मुद्दाम घातला आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि दर अकरा महिन्यांनी मुद्रांक, नोंदणी, एजंटची फी हे पुन्हा येतं. घर बदललं तर दलाली आणि टेम्पो वेगळा. ज्यांना दर वर्षी घर बदलावं लागतं त्यांनी इथे ४,००० ऐवजी ३०,००० धरावेत.

३. मग पूर्ण महिना कागदावर कसा दिसतो?

भाडं १७,०००. किराणा, दूध, भाजी, फळं, गॅस मिळून १३,५०० (यात दीड लिटर दूधच महिन्याला पावणेतीन हजारांच्या आसपास जातं). पाळणाघर ७,०००. पेट्रोल आणि प्रवास ५,५००. गावी आईवडिलांना ५,०००. वीज, मोबाईल, इंटरनेट ३,०००. धुणीभांडी २,५००. हॉटेल, कपडे, सिनेमा आणि ज्याला नाव नाही असं सगळं ५,५००. प्रश्न २ मधले ८,०००. बेरीज ६७,०००, उरले १८,०००.

हे १८,००० ‘उरले’ म्हणून महिनाअखेरीला बाजूला काढायला गेलात तर कधीच सापडणार नाहीत. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंचलित सूचनेने ते आवर्ती ठेवीत गेले पाहिजेत. आईवडिलांना पाठवायचे पैसे ‘जमेल तसे’ या सदरात टाकू नका. ते ठरलेल्या खर्चात धरा, नाहीतर प्रत्येक वेळी त्यावरून घरात बोलणी होतात.

४. ५०-३०-२० चा नियम (पगाराचे ५० टक्के गरजांवर, ३० हौसेवर, २० बचतीत) पाळावा का?

घर घ्यायचं असेल तर तो फारसा कामाचा नाही. ८५,००० पैकी तीस टक्के, म्हणजे २५,५०० रुपये हौसेवर खर्च करायची मुभा तो देतो. उलट बाजूने मोजा: घरासाठी किती लागणार (प्रश्न ७) आणि ते किती महिन्यांत हवं, यावरून बचत ठरते. उरलेल्यात संसार.

५. बँक आमच्या पगारावर ४८ लाखांपर्यंत कर्ज देते म्हणते. मग तेवढं घ्यायला हरकत काय?

बँकेचा हिशेब साधारण असा: हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते चालतील. ८५,००० चे निम्मे ४२,५००. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी एका लाखामागे हप्ता ८६८ रुपये पडतो, म्हणजे झाले ४८-४९ लाख. बँकेला तुमचं पाळणाघर, गावचे पाच हजार आणि दिवाळी दिसत नाही.

आता तोच हिशेब प्रश्न ३ वर ठेवून पाहा. भाडं गेलं तरी बाकीचे ५०,००० राहतातच. ४८ लाखांचा हप्ता ४१,६५६. त्यात सोसायटीचा देखभाल खर्च आणि मिळकतकर मिळून ३,८०० घाला. बेरीज ९५,४५६. दर महिन्याला साडेदहा हजार कमी पडतात, आणि ते क्रेडिट कार्डातून भरले जातात.

३६ लाखांचा हप्ता ३१,२४२. त्यात ३,८०० आणि ५०,००० मिळवले की ८५,०४२. इथे तोंडमिळवणी होते, तीही जेमतेम. या कुटुंबाची मर्यादा ३६ लाख आहे, बँक काहीही म्हणो. तुमचा दर किंवा मुदत वेगळी असेल तर लाखामागे हप्ते असे: ८.५ टक्क्यांना १५ वर्षं ९८५, २५ वर्षं ८०५, ३० वर्षं ७६९; ९ टक्क्यांना २० वर्षं ९००.

६. हप्ता झेपेल की नाही हे कर्ज घेण्याआधी कसं कळणार?

रंगीत तालीम करा. होणारा हप्ता अधिक देखभाल अधिक मिळकतकर, यातून आजचं भाडं वजा करा. आपल्या उदाहरणात ३५,०४२ उणे १७,०००, म्हणजे अठरा हजार. ही रक्कम सलग बारा महिने, पाच तारखेच्या आत, बाजूला काढायची आणि तिला हात लावायचा नाही. बारा महिनेच का? कारण त्यात एक जून, एक गणपती आणि एक दिवाळी येते. सहा महिन्यांची तालीम डिसेंबरात सुरू केली तर ती सोप्या महिन्यांतच संपते.

बारापैकी दोन महिने चुकले तर हप्ता पुरता झेपत नाही असं समजा आणि कर्ज तीन-चार लाखांनी खाली आणा. चार महिने चुकले तर फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटचे फोन सध्या घेऊ नका. घर झेपतं की नाही हे किमतीवरून कळत नाही, महिन्याच्या वीस तारखेला खात्यात काय आहे त्यावरून कळतं. आणि तालमीत चुकलेला हप्ता सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, उमटत नाही. वर साठलेले पैसे तुमचेच.

७. डाउन पेमेंट वीस टक्के, म्हणजे ४८ लाखांच्या घराला साडेनऊ-दहा लाख पुरतील ना?

नाही. सगळ्यात जास्त कुटुंबं इथेच अडकतात, तेही टोकन देऊन झाल्यावर.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के इतकंच कर्ज मिळतं. एवढ्या किमतीच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या ‘किमतीत’ धरत नाहीत. ते पूर्ण खिशातून.

आपल्या फ्लॅटला कर्ज ३६ लाख घेतलं तर:

स्वतःचा हिस्सा १२,००,०००. मुद्रांक शुल्क ७ टक्के, ३,३६,००० (पुणे-पिंपरीत मूळ ५ टक्के, स्थानिक संस्था कर १ आणि मेट्रो अधिभार १, मुंबईत एकूण ६). नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण कमाल ३०,०००. दलाली १ टक्का धरली तर ४८,०००. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणाची नोंद, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क (महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००) मिळून ६०,०००. आणि राहायला जाण्याआधीचं काम: रंग, खिडक्यांच्या जाळ्या, किचन ट्रॉली, पंखे, गिझर, नळजोडणीची डागडुजी, आवरतं घेतलं तरी २,००,०००.

बेरीज १८,७४,०००. म्हणजे किमतीच्या ३९ टक्के.

मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. टोकन देण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा दर पाहून घ्या. आणखी एक: सध्याच्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट या बेरजेत धरू नका. ते घर सोडल्यावर हातात येतं, पैसे मात्र नोंदणीच्या दिवशी लागतात.

८. पावणेएकोणीस लाख जमायला किती वर्षं लागतील?

समजा आज ७ लाख आहेत. त्यातले २ लाख प्रश्न ११ साठी बाजूला ठेवले, ५ लाख घरासाठी. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ते चार वर्षांत ६.४७ लाख होतात. महिन्याला १८,००० ची आवर्ती ठेव त्याच दराने चार वर्षांत ९.८४ लाख. दोघांच्या बोनसमधून वर्षाला ६०,००० बाजूला, चार वर्षांचे २.४० लाख. एकूण १८.७१ लाख. चार वर्षं.

पगारवाढ झाली की वाढीचा निम्मा भाग आवर्ती ठेवीत आणि निम्मा घरखर्चात, असा वाटा आधीच ठरवून ठेवा. सगळी वाढ बचतीत टाकायचा निश्चय दुसऱ्या वर्षी मोडतो.

९. चार वर्षांत किमती कुठल्या कुठे जातील. त्यापेक्षा हातउसने घेऊन आताच घर घेतलेलं बरं नाही का?

किंमत वाढेल, खरं आहे; पण पगारही चार वर्षं तिथेच राहत नाही. ४८ चा फ्लॅट ५५ ला गेला आणि वाढीव किमतीचा काही भाग पगारवाढीतल्या बचतीतून भरला तर कर्ज साडेचार-पाच लाखांनी वाढेल, म्हणजे हप्त्यात ४,००० च्या आसपास. चार वर्षांच्या पगारवाढीत एवढं बसतं का ते पाहा. बसत असेल तर थांबण्यात नुकसान नाही. बसत नसेल तर भाग बदला, खोली कमी करा, किंवा जुनी इमारत पाहा.

हातउसन्यांचा खरा त्रास व्याजाचा नसतो, तारखेचा असतो. मामांनी दिलेले तीन लाख त्यांच्या मुलीच्या लग्नात परत हवे असतात, आणि ती तारीख तुमच्या हप्त्याच्या वेळापत्रकात नसते. घ्यायचेच असतील तर रोख नको, बँक खात्यामार्फत घ्या, परतीची तारीख लिहून ठेवा आणि तो हप्ता प्रश्न ५ च्या बेरजेत धरा.

१०. डाउन पेमेंटचे पैसे ठेवायचे कुठे? पतसंस्था जास्त व्याज देते, भिशीही आहे, आणि मित्र एसआयपी म्हणतो.

तीन-चार वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारात नको. ज्या महिन्यात मनासारखा फ्लॅट सापडेल त्याच महिन्यात बाजार वर असेल याची खात्री कुणी देत नाही. सात-आठ वर्षं हातात असतील तर गोष्ट वेगळी. तरी शेवटची दोन वर्षं हळूहळू मुदत ठेवीत आणा.

पतसंस्थेबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवा: बँकेतल्या ठेवीला प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. फलकावर नाव मोठं असो, संचालक ओळखीचे असोत. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी १० लाखांचं घर-भांडवल तिथे ठेवणं शहाणपणाचं नाही. बँकांतही रक्कम ५ लाखांच्या आत विभागून ठेवलेली बरी.

भिशी शिस्तीसाठी ठीक, भांडवलासाठी नाही. पैसे बुडाले तर कागद नसतो. आणि एकरकमी रोख हातात आली की बँक विचारते, हे कुठून आले?

११. आपत्कालीन निधी वेगळा ठेवला तर घर लांबतं. तो डाउन पेमेंटमध्येच वापरला तर?

घर घेतल्यानंतरचे पहिले सहा महिने सर्वात उघडे असतात. बचत शून्यावर आलेली, हप्ता नवा, आणि गळणारं बाथरूम याच काळात लक्षात येतं. निदान तीन हप्ते अधिक तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे या कुटुंबाला सुमारे अडीच लाख, घराच्या पैशांना न मिसळता ठेवा (प्रश्न ८ मधले २ लाख साडेसहा टक्क्यांनी चार वर्षांत तेवढे होतात). सहा महिन्यांचा साठा असेल तर उत्तम. नोकरी देणाऱ्याचा आरोग्य विमा आहे म्हणून स्वतःचा काढला नसेल तर आधी तो काढा. नोकरी जाते त्याच दिवशी तो विमाही जातो.

१२. नो-कॉस्ट ईएमआयवर मोबाईल, फ्रिज घेतला तर गृहकर्जावर परिणाम होतो का?

होतो. बँक सगळे चालू हप्ते मोजते. महिन्याला ४,००० चा हप्ता चालू असेल तर ४,००० भागिले ८६८, म्हणजे गृहकर्जाची पात्रता साडेचार लाखांनी कमी होते. एका मोबाईलपायी. अर्ज करण्याच्या सहा महिने आधीपासून नवे हप्ते, नवी कार्डं बंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढून पाहा आणि फेडलेलं जुनं कर्ज ‘चालू’ दिसत असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. त्याला काही आठवडे लागतात. ७५० च्या वर गुण असले की दराची घासाघीस करता येते.

१३. दोन-तीन लाख कमी पडतायत. पर्सनल लोन घ्यावं, सोनं गहाण टाकावं की पीएफ काढावा?

पर्सनल लोन सर्वात वाईट: व्याज जास्त, मुदत कमी, आणि प्रश्न १२ मधला फटका. सोने तारण कर्ज त्यामानाने स्वस्त पडतं, पण बोनसमधून वर्षभरात सोडवता येईल एवढंच घ्या. पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते. पण ते पैसे परत भरायचे नसल्यामुळे कुणी भरतही नाही, आणि साठीला तो खड्डा दिसतो. तीनपैकी काहीच करावं लागू नये यासाठी सर्वात सोपा उपाय म्हणजे वर्षभर थांबणं. १८,००० च्या दराने दोन लाख सोळा हजार तिथेच मिळतात.

१४. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर खरंच पैसे वाचतात का?

महाराष्ट्रात राहत्या घराच्या खरेदीत महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४८ लाखांवर ४८,०००. अट अशी की खरेदीदार म्हणून फक्त महिलांचीच नावं हवीत. नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून घातलं की सवलत गेली. सवलतीत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे.

नवरा मालक नसला तरी सहकर्जदार होऊ शकतो, त्यामुळे दोघांच्या पगारावर कर्ज मिळतं. मात्र करसवलत मालक असलेल्या कर्जदारालाच मिळते. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट आहे. नवीन प्रणालीत ती नाही. दोघंही नवीन प्रणालीत असाल तर हा तोटा उरतच नाही. पैशांपुरतं उत्तर सरळ आहे. मालकी कुणाची हा प्रश्न मात्र घरात बसून बोलायचा, मुद्रांक विक्रेत्याकडे नाही.

१५. बांधकाम चालू असलेला फ्लॅट स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

बजेटच्या दृष्टीने यात दोन चटके आहेत. पहिला, भाडं आणि व्याज एकाच वेळी. ३६ लाखांपैकी १८ लाख बिल्डरला गेले असतील तर महिन्याला १२,७५० नुसतं व्याज, त्यातून मुद्दल एक रुपया कमी होत नाही, आणि १७,००० भाडं चालूच. हातात १८,००० आहेत म्हणून हे निभतं. पण पुढचे टप्पे सुटले की २५,५०० होतं आणि ताबा मिळालेला नसतो. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरची ताब्याची तारीख पाहा आणि स्वतःच्या हिशेबात त्यात एक वर्ष मिळवा.

दुसरा, जीएसटी. पूर्णत्वाचा दाखला मिळण्याआधी घेतलेल्या फ्लॅटवर ५ टक्के; किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र मर्यादेत असेल तर १ टक्का. ही मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर, पुण्यासकट बाकी महाराष्ट्रात ९०. ४५ लाखांच्या फ्लॅटवर कर ४५,०००. ४६ लाखांच्या फ्लॅटवर २,३०,०००. लाखभर किमतीपायी १ लाख ८५ हजार जास्त. आणि ४५ लाख मोजताना पार्किंग, मजला, विकास शुल्क असं बिल्डर घेईल ते सगळं धरतात. ‘फ्लॅट ४४, पार्किंग वेगळं ३’ म्हणजे ४७.

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जास्त मागितली तर आधी करार नोंदवा.

१६. फ्लॅट ५० लाखांचा झाला तर टीडीएस (विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापून सरकारला भरायचा आयकर) कापायचा म्हणतात. तो आम्ही कापायचा?

हो, खरेदीदाराने. किंमत किंवा रेडी रेकनर मूल्य यांपैकी काहीही ५० लाख किंवा वर गेलं तर, जी रक्कम जास्त तिच्यावर पूर्ण १ टक्का. फक्त ५० च्या वरच्या भागावर नव्हे. विक्रेत्याला देताना तेवढे कमी द्यायचे आणि ज्या महिन्यात कापले तो संपल्यापासून ३० दिवसांत आयकर पोर्टलवर भरायचे. हा जादा खर्च नाही, पण विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या अंगावर. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर दर वेगळा आणि बराच जास्त लागतो; तिथे सनदी लेखापालाशिवाय पाऊल टाकू नका.

१७. मालक म्हणतो पाच लाख रोख द्या, करारात ४३ दाखवू. मुद्रांकात बचत होईल ना?

पाच लाखांवर ३५,००० वाचतील. पण बँक कर्ज ४३ वर मोजेल, पाच लाख रोख उभे करावे लागतील, व्यवहार फिसकटला तर त्यांची पावती नसेल, आणि पुढे विकताना तुमची खरेदी किंमत ४३ च धरली जाऊन नफा व त्यावरचा कर वाढेल. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा अधिक रोख घेण्यावर आयकर कायद्यात बंदीही आहे.

१८. व्याजदर वाढला तर हप्ता किती वाढेल?

एक टक्का वाढून ९.५ झाला तर ३६ लाखांचा हप्ता ३१,२४२ वरून ३३,५५७. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, आणि ते अंगावर येत नाही म्हणून कळत नाही. सुरुवातीलाच दर एक टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच राहिला तर २४० हप्त्यांचे ३०९ होतात. जवळजवळ पावणेसहा वर्षं जास्त. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने कर्जदाराला दिला आहे. लेखी अर्ज देऊन हप्ता वाढवून घ्या. त्यासाठीचे २,३०० रुपये प्रश्न ३ मधल्या ‘नाव नसलेल्या’ ५,५०० मधून निघतात.

१९. मुदत १५ वर्षांची घ्यावी की ३०?

झेपत असेल त्यापेक्षा थोडी लांब घ्या आणि मधेमधे मुद्दल भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. दर वर्षी बोनसमधून एक जादा हप्ता भरला तर २० वर्षांचं हे कर्ज सुमारे सव्वातीन वर्षं आधी संपतं. जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लिहून द्या, नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून मोकळे होतात.

२०. दुसरं मूल हवं आहे. एकीचा पगार वर्षभर थांबला तर?

पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे (दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, पात्रता पूर्ण असेल तर). प्रश्न त्यानंतरचा. ३०,००० चा पगार थांबला तर उरतात ५५,०००. त्यातून घराचे ३५,००० गेले की संसाराला २०,०००. होत नाही. पाळणाघर आणि निम्मं पेट्रोल वाचूनही महिन्याला वीस हजार कमी पडतील. सहा महिन्यांचे १ लाख २० हजार झाले. ते घर घेण्याआधीच वेगळे साठवा, किंवा बाळ आधी आणि घर नंतर असा क्रम लावा. दोन्ही एकाच वर्षात आणू नका.

२१. प्रधानमंत्री आवास किंवा म्हाडाचा उपयोग होईल का?

प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मधली व्याज सवलत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तरच मिळते. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण कमाल १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नको. आपलं उदाहरण यात बसत नाही. म्हाडाच्या सोडतीत नवरा-बायको दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात; अर्ज जरूर करा, पण लागेलच असं धरून बचत थांबवू नका.

२२. जुना फ्लॅट घेतल्यावर सोसायटी अचानक मोठी वर्गणी मागते असं ऐकलं. आधी कसं कळेल?

विक्रेत्याकडून ना-देय दाखला घेता तेव्हाच सोसायटीच्या मागच्या दोन सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मागा. बाहेरचा रंग, लिफ्ट बदलणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, संरचनात्मक तपासणी यांचे ठराव तिथे सापडतात. ठराव विक्रेत्याच्या काळात झाला आणि वसुली तुमच्या काळात आली तर सोसायटी तुमच्याकडेच येते. म्हणून ती रक्कम किमतीतून वळती करून घ्या आणि करारात तसं लिहा. मिळकतकराची थकबाकी आणि वीजबिलही त्याच बैठकीत पाहा.

२३. भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीन आहे. हप्ते तो भरतो. माझ्या गृहकर्जाला अडचण येईल?

येऊ शकते. जामीनकीही पत-अहवालात दिसते, आणि भावाने हप्ते चुकवले असतील तर गुण तुमचेही घसरतात. काही बँका त्या हप्त्याचा भाग तुमच्या क्षमतेतून वजा करतात. अर्जात लपवू नका, अहवालात निघतंच. भावाकडून कर्जखात्याचा बारा महिन्यांचा उतारा घ्या, हप्ते वेळेवर गेल्याचं दाखवा. कर्ज थोडंच उरलं असेल तर ते फेडून बेबाकी दाखला घेणं स्वस्त पडतं. जामीनदार बदलून मिळतो, पण कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते आणि नवा जामीनदार शोधायचं काम भावाचं. हे गृहकर्जाच्या अर्जाआधी निदान तीन महिने सुरू करा, कारण अहवाल लगेच बदलत नाही.